माह्या हातचा घास

आमचं गाव अंजनगाव सुर्जीपासून जवळच, पायी निघालं तरी घंटाभरात येते, अन आमी जातीचे माळी, म्हन्जे माह्या आज्यानं वांगे लावले, बापानं वांगे लावले, अन मी बी दुसरं काई केलं नाई ताई, वांगे, मिरच्या, सांभार, अन बांधाच्या कडेनं झेंडू. सांभार म्हन्जे तुमची कोथिंबीर. तुमी अमरावतीच्याच, पन कॉलेजात शिकवून शिकवून तुमची भाषा पुन्याची झाली म्हनून सांगून राहिलो, राग नोका मानू. माहं नाव देवीदास. पन गावात मले त्या नावानं कोनी बोलवत नाई, रोडगेवाला बुढा म्हनते. पयले ते नाव मले लय आवडे. आता कोनी तसं हाक मारली का कुठीतरी टोचते, अन काहून टोचते तेच सांगाले बसलो तुमच्यापाशी.

रोडगा तुमी खाल्ला असन, पन करताना पाह्यला का कधी? गहू जाडसर दळाव लागते, पीठ बारीक झालं का रोडगा चिकट होते अन मंदातून कच्चा राह्यते. मीठ, ओवा, तेलाचं मोहन घालून कनिक घट्ट भिजवाची, मंग हातावर एक लहान पारी, तिले तेल लावून तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, असा गोळा वळाचा, अन गोवऱ्याचा इस्तो तयार झाला का त्याच्यात पुरून द्याचा. घळ्याळ नाई पाहाचं, वास घ्याचा. काढला का फडक्यात धरून राख झटकाची, ताटात चुराचा, वरून तुरीचं वरन, त्याच्यावर तुपाची धार, अन बाजूले वांग्याची तिखट भाजी, खाताना नाकातून पानी आलं पाह्यजे. घरातलं रोजचं सारं बायकाइच्या हाती, पन वावरातल्या जेवनाचे रोडगे आमच्याकडे गडीमानसंच करते, अन आमच्या पंचक्रोशीत माह्यासारखे रोडगे कोनाले जमले नाईत. हे मी फुशारकीनं नाई सांगत. बरं, फुशारकीनंच सांगून राहिलो, जाऊ द्या.

आता मनोहरचं सांगतो, कारन हे सगळं त्याचंच हाये. मनोहर माहा लहानपनचा दोस्त, वावराचा शेजारी अन धंद्यातला भागी, तिन्ही एकच मानूस. त्याच्या अन माह्या वावरात एक बांध, विहीर सामायिक, दोघाइच्या आज्याइनं मिळून खोदलेली. भाजीपाल्याचा टेम्पो आमी दोघं मिळून भरत होतो अन अकोटच्या बाजारात नेत होतो. मार्गशीर्षात वांगेसट येते, चौमासात ज्याइनं वांगे सोडले ते त्या दिसापासून पुन्हा खाते, तं त्याच्या मंगच्या रविवारी आमचं दोघाइचं मिळून वावरात जेवन राहे. चाळीस-पन्नास मानूस, व्यापारी, मजूर, सोयरे, ज्याले याचं त्यानं याव. रोडगे माहे अन भाजी मनोहरची. त्याची भाजी म्हन्जे काय सांगू तुमाले, बायका येऊन विचारे, भाऊजी, काय टाकता हो हिच्यात? तं तो म्हने, घाई सोडून सगळं टाकतो. मी दहा शब्द बोललो का तो एक बोले, असा मानूस.

अन माहा सोभाव कसा, तं आग्रहाचा. कोनी नोको म्हनलं का मी दोन वाढो. माह्या पंगतीतून उठलेल्या मानसाले वाकून चप्पल घालता येत कामा नाई, असा माहा हिशोब. एका व्यापाऱ्यानं पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले होते, तं मी त्याच्या हातावरच रोडगा ठेवला अन वरून वरन वतलं, सारी पंगत हासली, तो बी हासला. आमची बुढी म्हने, अहो, ते मानूस हाये का पोतं हाये, किती भरता? मी म्हनो, तुले काय समजते, पाहुना उपाशी गेला तं इज्जत कोनाची जाते? तव्हा मले वाटे, समोरच्याच्या ताटात किती पळलं त्याच्यावरून आपली माया मोजाव लागते.

पंगत बसली का पयला रोडगा आमी दोघं फोडत होतो. मनोहर माह्या तोंडात घास दे, मी त्याच्या तोंडात घास देवो, मंग लोकं हर हर महादेव म्हने अन जेवाले लागे. ते आमच्या बापाइनं पाडलेली रीत, त्याइचा एकदा पान्यावरून झगडा झाला होता अन तो असा घास देऊन मिटला होता, तव्हापासून. अन जेवन झालं का मी खर्रा घोटो. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घासून घासून असा मऊ करो का लोकं त्याच्यासाठी बी थांबे. मनोहरले खर्रा माहीत नोता हो. तो सुपारी बी नाई खाये. मीच त्याले पयली चिमटी देली, त्यानं नोको म्हनलं, मी म्हनलं, काबे, माह्या हातचं नाई घेत? तं घेतली बिचाऱ्यानं. मंग लागलाच तो खर्ऱ्याले, माह्याहून जास्त लागला. मी बी चाळीस वर्सं खाल्ला, मले काई झालं नाई. देवाघरचा न्याय कसा असते पाहा.

मंग एक-दोन वर्सं अशी गेली का मनोहर जेवनात मांगं मांगं राहाले लागला. हळू खाये, रोडगा अगदी बारीक चुरे, नुसतं वरनच जास्त पिये. घासाच्या वेळेवर म्हने, दाढ दुखून राहिली, तूच खा. एका वर्सी म्हने, भाजीजवळ कोन पाहीन, अन चुलीपाशीच बसून राह्यला. मले राग आला. त्याची एकच पोरगी, वैशाली, ती अकोल्याले शिकली, तिले जठारपेठेतल्या चांगल्या घरचं स्थळ आलं होतं, अन माह्या मनानं घेतलं का हा आता मोठा मानूस झाला, याले आता टेबल-खुर्ची पाह्यजे, आपल्या राखेतला रोडगा याच्या घशाखाली उतरत नाई. एकदा मनात असं बसलं का मंग सगळं तसंच दिसते. बुढी म्हने, विचारा तं खरं त्याइले. मी म्हनलं, मी काहून विचारू, त्याले तोंड नाई का? पाहा, कसा शब्द निघाला होता माह्या तोंडातून.

त्या सालचं जेवन मले जसंच्या तसं आठवते. मनोहरनं अकोल्याचे पाहुने बलावले होते, म्हन्जे पोरीचे होनारे सासू-सासरे, पोराचे मामा, समदे. लगन अजून पक्कं नोतं, बोलनं चालू होतं. त्याइले तो म्हने, आमच्या देवीदासच्या हातचे रोडगे खाल्ल्याबिगर आमचं गाव समजत नाई. असं म्हने तो, अन मी तिकडे मनात काय काय घेऊन बसलो होतो. पंगत बसली. पाहुने मधात, पांढऱ्या कपड्यात मनोहर त्याइच्या बाजूले. मी पयला रोडगा फोडला, वरन-तूप लावलं, मोठा घास केला, अन मुद्दाम सगळ्याइच्या समोर त्याच्या तोंडाजवळ नेला. तो हळूच म्हने, राहू दे, मंग खातो. मी म्हनलं, मंग नाई, आता. त्यानं ओठ मिटले. मी घास दाबला. वरन त्याच्या हनुवटीवरून सदऱ्यावर गेलं, घास पत्रावळीवर पळला, कोनीतरी हासलं. मले वाटलं, चारचौघात यानं माहा घास थुकला. मी उभा राहून म्हनलं, काबे मनोहर, आता माह्या हातचा घास बी चालत नाई तुले?

तो माह्याकडे पाहातच राह्यला. मंग पाहुन्याइकडे पाह्यलं त्यानं. मंग म्हने, नाई चालत. अन भरल्या पत्रावळीवरून उठला. हात धुतले विहिरीवर, अन पाहुन्याइले म्हने, तुमी सावकाश जेवा, मी भाजी पाह्यतो. भरल्या ताटावरून उठनं आमच्याकडे लय वाईट, ताई. मयतीच्या घरी बी मानूस असं करत नाई. त्या दोन शब्दावर मी नऊ वर्सं काढली.

लगन जमलं पोरीचं. पत्रिका घेऊन मनोहर सोता आला, आंगनात उभा राह्यला, मी खाटेवरून उठलो नाई. लग्नाच्या दिवशी बुढीले पाठवलं अन मी वावरात जाऊन कांदा-भाकर खात बसलो. दुपारी त्यानं लग्नाचं ताट पाठवलं, झाकून, दोन बुंदीचे लाडू, मठ्ठा, पुऱ्या, वांग्याची भाजी. ते ताट मी बैलापुढं टाकलं. मले वाटलं कोनी पाह्यत नाई. मान वर केली तं मनोहर बांधावर उभा, लगनघरातून मले बोलवाले सोता आला होता, डोक्याले फेटा तसाच. मांगं फिरला अन वापस गेला. माह्या आयुष्यातलं एक काम मांगं घेता आलं असतं तं ते ताट मी मांगं घेतलं असतं. बाकी समद्यासाठी मले काई ना काई बहाना हाये, त्याच्यासाठी नाई.

मंग धंदा वेगळा झाला, टेम्पो वेगळे झाले. विहीर एक होती, तं पान्याची पाळी ठरवून घेतली, एक उतरला का दुसरा चढे. रविवारचं जेवन मी सोडलं नाई, लोकं येये, रोडगे खाये, पन भाजी आमच्या घरची, अन जेवताना कोनी ना कोनी म्हनेच, भाजीत काईतरी कमी हाये बॉ. घास देयाची रीत बंद पळली, कोनाले देनार?

आता एक गोठ सांगतो, ते मी बुढीले बी कधी सांगतली नाई. बायकाइचं बोलनं बंद नोतं झालं. मनोहरची बायको, कुसुमवहिनी, कधी कधी बांधावरून वाटीभर भाजी दे आमच्या बुढीजवळ, अन बुढी ते मले आपली म्हनून वाढे. पयल्या घासातच मले समजे का हे मनोहरच्या हातची हाये. चाळीस वर्सं खाल्लेली भाजी हो ते, अंधारात बी ओळखली असती. मी वाटी पुसून खावो अन म्हनो, आज मीठ बराबर पळलं तुह्या हातून. बुढी म्हने, हाव. आमी दोघं बी एकमेकाले फसवून राहिलो होतो, अन तो तिकडून मले खाऊ घालून राहिला होता.

नवव्या वर्सी मनोहरनं वावर बटाईनं देलं अन दोघं नवरा-बायको अकोल्याले पोरीकडे गेले. मी म्हनलं, गेला मोठा मानूस, बसला टेबलावर. तं चार महिन्यानं कुसुमवहिनीचा फोन आला बुढीले. बुढी फोनवर नुसतीच हं हं करे, मंग पदर तोंडाले लावला तिनं. मले म्हने, भाऊजीचं तोंडाचं ऑपरेशन झालं नागपुरात, गालाचं, जबळ्याचं. अन म्हने, तुमाले माहीत हाये का, त्या जेवनाच्या वक्तीच त्याइचं तोंड दोन बोटाच्या वर उघडत नोतं. खर्ऱ्यानं आवळलं होतं. मोठा घास जातच नोता मंदात. पोरीचं लगन जमून राहिलं होतं, बापाले तोंडाचा रोग हाये असं पाहुन्याइच्या कानावर गेलं तं स्थळ मोडीन, म्हनून त्याइनं वहिनीले पोरीची शपथ घातली होती का कोनालेच सांगाचं नाई, लगन झाल्यावर बी नाई. अन तुमी सगळ्या पाहुन्याइच्या समोर घास घेऊन उभे. ते काय सांगतीन? नाई चालत म्हनले.

नऊ वर्साइचा राग एका फोननं गेला, अन त्याच्या जागी जे आलं ते राग असता तं बरं झालं असतं. चाळीस वर्सं मी त्याच्यासमोर बसून जेवलो, ताई, त्याच्या ताटात किती उरलं ते मले रोज दिसे, पन त्याचं तोंड मी एक डाव पाह्यलं नाई.

दुसऱ्या दिवशी म्या इस्तो पेटवला. बुढी म्हने, डोकं फिरलं का, त्याइले पानी गिळता येत नाई अन तुमी रोडगे नेता? मी म्हनलं, मले दुसरं काय येते? सात-आठ रोडगे फडक्यात बांधले, डब्यात घातले, अंजनगावाहून अकोट, अकोटाहून अकोला, एसटीत डबा मांडीवर, कोमट लागे मांडीले. अकोला येईपर्यंत थंडा झाला. जठारपेठेत वैशालीचं घर, दुसरा मजला. तिनं दार उघडलं, मले ओळखलं, काका म्हने अन रडाले लागली. मंदात मनोहर खुर्चीवर, एका बाजूचा गाल आत गेलेला, गळ्याले रुमाल. मले पाहून त्यानं डब्याकडे बोट दाखवलं. पयले डब्याकडे, माह्याकडे नाई.

बोलनं त्याचं समजत नोतं, वैशाली समजून सांगे. पातळच खाये तो, चमच्यानं, थोडं थोडं. म्या एक रोडगा बारीक चुरला, वैशालीनं वरनात घालून मिक्सरमंदून काढला, मंग चायच्या गाळणीतून गाळला, वर तुपाचे दोन थेंब. राखेत भाजलेल्या रोडग्याचं पानी करून मी त्याच्यासमोर बसलो. चमचा भरला. लहान भरला. त्यानं ओठ जेवढे उघडता येत होते तेवढे उघडले, ते मी पाह्यलं, नीट पाह्यलं यावक्ती. एक चमचा गेला, लय वेळ लागला. दुसरा गेला. चार-पाच गेले असतीन, अन त्यानं तळहात वर केला. बस.

माही जीभ उचललीच होती, अबे अजून एक, माह्या हातचा, हे सारे शब्द ओठावर आले होते, जन्माची सवय हो. मी चमचा खाली ठेवला. उरलेली वाटी बाजूले सारली अन म्हनलं, बरं. साठ-बासष्ट वर्साच्या उमरीत पयल्या डाव मी कोनाले बरं म्हनलं असन. मनोहर पाहात होता. त्यानं काईतरी म्हनलं, वैशालीले हासू आलं, रडता रडता. मी म्हनलं, काय म्हने? ती म्हने, बाबा म्हनतात, शिकला लेकाचा.

मी म्हनलं, मनोहर, ते ताट, लग्नाचं. त्यानं हातानंच थांबवलं. मंग डब्याकडे हात केला. वैशालीनं डबा दिला, सयपाकघरातून भाजीची वाटी आनली, बापानं खुर्चीवर बसून शिकवलेली भाजी, तिनं केलेली. मनोहरनं रोडग्याचा तुकडा तोडला, भाजीत बुडवला, अन माह्या तोंडाजवळ आनला. नऊ वर्साइचा उरलेला घास होता तो. मले डोळ्यानं म्हने, उघड. अन माहं तोंड उघडलं, बाप्पा. चांगलं मोठं उघडलं, चाळीस वर्सं खर्रा खाऊन बी उघडलं, अन त्याच्यासमोर माहं तोंड एवढं उघडते याची मले इतकी लाज वाटली का तो घास माह्याच घशात अळकला. तो माही पाठ थापटत होता, हळू, खुर्चीवरून वाकून.

मंग मी दर आठ दिवसानं जात होतो, पाच-सहा डाव गेलो. सातव्या डावाले फोन आला. तेरवीले वैशालीच्या सासऱ्यानं माह्या ताटात लाडू वाढला, घ्या ना काका, म्हने, आग्रहाचा घ्या. त्या जेवनातून मनोहर काहून उठला होता ते त्याइले माहीत नाई, अजून बी नाई. मी घेतला, खाल्ला. मनोहरनं जे झाकलं ते मी कायले उघडू? तुमी लिहून राहिल्या तं नावं बदलून लिहजा.

खर्रा मी त्या फोनच्या दिवसापासून सोडला, पन ते काई मोठं नाई, उशिराचं काम हाये. या वर्सी बी वांगेसटीनंतरच्या रविवारी जेवन केलं. रोडगे माहेच. भाजी वैशाली येऊन करून गेली, लोकं म्हने, आता जुनी चव आली. पंगतीत मी आता एकदाच वाढतो अन मंग मानसाच्या तोंडाकडे पाह्यतो, कोन कसं चावून राहिलं, कोन कोन्या बाजूनं खाते, कोन नुसतं वरन पिऊन राहिलं. परवा एका पोट्ट्याले बाजूले घेऊन विचारलं, तोंडात किती बोटं जाते बे तुह्या, दाखव. तो हासला माह्यावर. हासू दे. त्याले म्या दवाखान्यात नेऊनच सोडलं.

तुमी बी बसल्या हा बुढा बोलते म्हनून, तुमच्या ताटातला रोडगा तसाच हाये. नाई नाई, खा असं नाई म्हनत मी. तुमाले वाटीन तेवढं खा, उरलं तं राहू द्या, बैलाले मी काई टाकत नाई आता. देव तुमचं तोंड सुखाचं ठेवो, ताई. पानी देऊ का?